गर्दीचं कारण पुरेसं नाही
भारत आणि शेजारच्या देशांत क्षयरोगाचं प्रमाण वेगवेगळं का, या प्रश्नाला ‘दाट वस्ती’ असं एक उत्तर दिलं जातं. गर्दीत संसर्ग पसरतो हे खरं, पण हिशोब जुळत नाही. बांगलादेशातली वस्ती पाकिस्तानपेक्षा कितीतरी दाट. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अंदाजात लाखामागे नवे रुग्ण पाकिस्तानात २७७ आणि बांगलादेशात २२१. भारत १९५, तर श्रीलंका शंभराच्याही खाली. जंतू शरीरात शिरलेल्या बहुतेकांना आजार होतच नाही. तो कोणाला गाठतो हे कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू यांवर बरंच ठरतं.

त्या उत्तरात अन्नाचा मुद्दा येतच नाही. झारखंडमधल्या एका प्रयोगात क्षयरुग्णाच्या घरच्या मोठ्या माणसांना महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ दिली, तर घरात नव्याने क्षय होण्याचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी घटलं. आमच्या ओळखीचा, नागपूरच्या कळमना बाजारातला एक हमाल क्षयाच्या गोळ्या वेळेवर घ्यायचा, पण डब्यात पोळी आणि मिरचीचा ठेचा, बस. वजन वाढेचना. आहारासाठी सरकारकडून मिळणारे महिन्याचे हजार रुपये रुग्णापुरते असतात, खाणारी तोंडं पाच. नागपुरातून कोणी निक्षय मित्र, म्हणजे क्षयरुग्णाला शिधा पुरवणारा मदतनीस, होणार असेल, तर शिधा देताना घरच्यांनाही धराच.