‘कमी दाबाचा पट्टा’ की ‘कमी दाबाचं क्षेत्र’?

बातमीत कधी ‘कमी दाबाचा पट्टा’ येतो, कधी ‘कमी दाबाचं क्षेत्र’. दोन्ही एकच का? आणि ‘द्रोणीय स्थिती’ म्हणजे नेमकं काय?

— एकच नाहीत, आणि हा फरक जपायला हवा असं मला मनापासून वाटतं. नकाशावरच्या समदाब रेषा, म्हणजे सारख्या दाबाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, बघा. रेषा वळून स्वतःलाच येऊन मिळाली, की आतलं ते क्षेत्र. नुसतीच लांबट वाकली, मिटली नाही, तर पट्टा. द्रोणी म्हणजे लांबट खोलगट जागा, म्हणून पट्ट्यालाच ‘द्रोणीय स्थिती’ म्हणतात.

पश्चिम पॅसिफिकात मोसमी द्रोणी हजारो किलोमीटर पसरते. उत्तर गोलार्धात तिच्या दक्षिण अंगाला पश्चिमेकडून येणारे वारे, उत्तर अंगाला पूर्वेकडून येणारे. दोन तळव्यांत पेन्सिल धरून हात उलटसुलट सरकवले की ती फिरते, तशी मधली हवा फिरायला लागते. तिथली बरीच वादळं इथूनच उठतात. ‘पट्ट्यात क्षेत्र तयार झालं’ हे वाक्य म्हणूनच मोलाचं. दोन्हींना एकच शब्द वापरला तर ते लिहिताच येणार नाही.

— पण पट्टा तर महिनोन्‌महिने असतो. वादळं रोज कुठे होतात?

— पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर हवं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. खरी अडचण वाऱ्याची. खालचा वारा आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा वारा यांच्या वेगात, दिशेत फार तफावत असली, तर ढगांचा उभा खांब कलतो आणि उष्णता केंद्रावर साठत नाही. याला ‘कर्तन’ म्हणतात, पण त्यात कापणं ऐकू येतं. मी ‘वाऱ्यांतली उभी तफावत’ लिहितो. एल निनोच्या, म्हणजे पॅसिफिकचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापतं त्या वर्षी ती अटलांटिकवर वाढते, म्हणून तिथे वादळं सहसा कमी होतात.

मॅडन आणि ज्युलियन या हवामानशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये दाखवलेलं ‘दोलन’ही असंच फसवं. शब्दाने लंबक डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात ढगांचा हा टापू पूर्वेकडे सरकत जातो आणि साधारण ३० ते ६० दिवसांनी पुन्हा उगवतो. तो आला की वादळांची शक्यता वाढते.

— मग ‘पट्ट्याचं चक्रीवादळात रूपांतर’ हे चूक?

— हो. रूपांतर होतं ते त्यातल्या क्षेत्राचं. उत्तर हिंदी महासागरात तर वारा ताशी ६२ किलोमीटरला पोचला, की मगच त्याला ‘चक्रीवादळ’ म्हणतात.