चार वर्षांची बी.फार्म. आणि परदेशातील नोंदणी
चार वर्षांची बी.फार्म. असली की एफपीजीईई (परदेशातील फार्मसी पदवीधरांसाठीची समकक्षता परीक्षा) देऊन अमेरिकेत फार्मासिस्ट होण्याच्या वाटेला लागता येते, असे अनेकदा सांगितले जाते. ते १ जानेवारी २००३ पूर्वीच्या पदवीधरांपुरतेच खरे आहे. त्यानंतरच्यांचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असावा लागतो, त्यामुळे आपला, म्हणजे भारतातला, चार वर्षांचा बी.फार्म. पदवीधर, अनुभव कितीही असला तरी, त्या परीक्षेपर्यंत पोहोचतच नाही. कॅनडात मात्र चार वर्षांची पदवी चालते: आधी कागदपत्रांची छाननी, मग मूल्यमापन परीक्षा आणि त्यानंतर दोन भागांची पात्रता परीक्षा, जिच्या एका भागात रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीशी समोरासमोर बोलून सल्ला द्यावा लागतो. आपल्याकडे अशा संभाषणाचा सराव फारच कमी होतो, म्हणून या भागाची तयारी शेवटावर ढकलू नये, ही कळकळीची विनंती.