मैत्री तोडायला कारण लागतंच का? ('द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन' हा सिनेमा पाहिलेल्यांनीच यावं)

पुसदकर
काल इथे एकानं लिहिलं, दोन रिकामे बाप्ये रुसतात, एक 'पुन्हा बोललास तर बोट तोडीन' म्हणत स्वतःचीच बोटं कापतो, आणि याला विनोदी म्हणायचं; पारावर बसवून चहा पाजला असता तर मिटलं असतं. राहवलं नाही म्हणून लिहितोय. अहो, कोल्म आणि पॉरिक हे आयर्लंडजवळच्या बेटावरचे दोघे मित्र, रोज दुपारी दोनला सोबत पबला जायचा त्यांचा नेमच होता! कोल्मला तोच नकोय. उरलेल्या आयुष्यात त्याला फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, चाली बांधायच्यात. तो म्हणतो, परवा दोन तास तू तुझ्या गाढवीच्या लिदीबद्दल बोलत होतास. पॉरिक दुखावून सांगतो, गाढवीच्या नाही, तट्टाच्या. म्हणजे तुझं लक्षच नव्हतं. इथे मी हसलो आणि त्याच क्षणी पोटात कालवलं. पुढे पोलीस पॉरिकला ठोसा मारून पाडतो, तेव्हा कोल्मच त्याला उचलून गाडीत बसवतो, लगाम हातात घेतो, पण बोलत नाही. पॉरिक रडतो. हे चहानं मिटतं?

वऱ्हाडी माणूस
मीच लिहिलं ते, अन आजही तेच म्हणतो. डाव्या हाताची बोटं गेल्यावर फिडल वाजवणार कशानं? याले कला म्हणता? ऑस्करची नऊ नामांकनं, हाती एकही नाही. तिथल्यांनाही कळलंच ना!

वडसेवाली
बक्षिसांवरून ठरवू नका. नाट्यकलावंत परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री मिळेपर्यंत बाहेरच्या किती जणांना झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली, नाटकं माहीत होती? माझे मामा दिवाळीनंतर नाटकात पेटी वाजवायला निघून जायचे, धानाची कापणी-मळणी मामीच्या गळ्यात. कोल्म मला कळतो. पण कलावंताच्या हट्टाची किंमत दुसराच मोजतो. इथे ती पॉरिकची जेनी गाढवी मोजते, कोल्मचं कापलेलं बोट घशात अडकून मरते.

पुसदकर
काळही बघा. 1923, आयर्लंडचं यादवी युद्ध. समुद्रापलीकडे तोफा वाजतात. तो पोलीस सहा शिलिंग आणि फुकट जेवणावर मृत्युदंडाच्या बंदोबस्ताला जायला तयार, पण कोण कोणाला मारतंय हे त्याला ठाऊक नाही. कालपर्यंत ते सगळे इंग्रजांविरुद्ध एकत्र लढलेले.

वऱ्हाडी माणूस
युद्ध राहू द्या. माझ्या बाबांचा अन शेजारच्या काकांचा एकेक बैल, मिळून जोडी. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीवरून बोलणं तुटलं. ऐन डवरणीत, म्हणजे कोळपणीच्या वेळी, दोन गोठ्यांत एकेक बैल बांधून, अन दोन्ही शेतांत गवत. पोळ्याला तोरणाखाली काकांनी बाबांवर झडती, म्हणजे टोमण्याचं गाणं, म्हटली, सारं गाव हसलं. म्हणून मले हसू येत नाही.

धामणगावकर
बाभूळ नेमकी कोणाच्या बाजूला होती? मोजणी केली होती का?

वऱ्हाडी माणूस
मोजणीचा काय संबंध? बाबांनी लावली होती.

धामणगावकर
लावली म्हणून मालकी होत नाही. काकांच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, सावली पडत असेल तर ते बोलणारच. आमच्याकडे असल्याच धुऱ्यापायी दोन पिढ्या तारखांना जातात. तुम्ही एकच बाजू सांगताय.

वऱ्हाडी माणूस
माझ्या बापाबद्दल बोलताना तोंड सांभाळा.

वडसेवाली
भाऊ, रागावू नका, पण पॉरिकही हेच म्हणत फिरतो, मी काय केलं? अन तोच भला माणूस कोल्मकडे आलेल्या संगीताच्या विद्यार्थ्याला थाप मारतो की तुझ्या बापाला पावाच्या गाडीनं उडवलं. पोरगा घाबरून बेट सोडतो. भलेपणा तिथेच संपला.

पुसदकर
नंतर बाबा आणि काका कधी बोलले?

वऱ्हाडी माणूस
नाही. बाबा काकांच्या तेरवीला गेले, पंगतीत बसले नाहीत. आता सिनेमाचं सांगतो. कोल्मचं घर जाळण्याआधी पॉरिक त्याचा कुत्रा बाहेर काढतो, तेवढं मले पटलं. तेवढंच. गाढवीचा जीव गेला तरी दुसऱ्याच्या जनावरावर सूड नाही काढला. पण विनोदी म्हणू नका.

पुसदकर
म्हणणार. लिदीच्या प्रसंगाला तुम्ही हसला नाहीत, हे मी मानत नाही.

धामणगावकर
बाभूळ अजून उभी असेल तर मोजणी करून घ्या. मनापासून सांगतो.