निनावी चॅटरूममधल्या ओळखी : सावध राहून मारलेल्या गप्पांचे अनुभव (अनुभव धागा)

शाईपेन (धागाकर्ती) :

निनावी चॅटरूममध्ये जाऊ नये, हा सल्ला सगळेच देतात. जाणारे तरीही जातात, मीही कित्येक वर्षं जाते आहे. तिथे वावरावं कसं हे मात्र कुणी सांगत नाही. त्यामुळे प्रत्येक नवा माणूस पहिल्यापासून शिकतो आणि काहींना ते शिकणं फार महागात पडतं. म्हणून हा धागा. तुम्ही काय पाळता, का पाळायला लागलात, कोण चांगलं भेटलं, कुणापासून वेळेवर दूर झालात, ते लिहा. नाव-गाव नको, ना स्वतःचं ना समोरच्याचं. यासाठी वेगळा आयडी घेतलात तरी चालेल.

सुरुवात मी करते. माझं खरं नाव कुठल्याच रूममध्ये कुणाला माहीत नाही, पण मी त्यावर विसंबत नाही. नाव लपवणं सोपं असतं, माणूस ओळखू येतो तो बारीकसारीक तपशिलांवरून. "आत्ता आमच्याकडे गारा पडताहेत", "उद्यापासून बसचा संप आहे", "आमची परीक्षा पुढे ढकलली". ही वाक्यं वेगवेगळ्या दिवशी, बोलण्याच्या ओघात येतात. समोरच्यानं ती लक्षात ठेवली, तर बातम्या चाळून शहर आणि कॉलेज दोन्ही काढता येतं. आमच्या रूममधल्या एका मुलीचं कॉलेज एकानं असंच शोधून सगळ्यांसमोर सांगितलं. त्याला ती गंमत वाटली. ती मुलगी पुन्हा कधी आली नाही. तेव्हापासून मी अशा गोष्टी शिळ्या करून सांगते. गारा पडल्याचं पंधरवड्यानं सांगितलं तरी गप्पांची मजा तेवढीच येते.

चॅटसाठी माझा ईमेल वेगळा आहे आणि तिथलं टोपणनाव मी दुसरीकडे कुठेही वापरत नाही. टोपणनाव शोधयंत्रात टाकून बघणं हा लोकांचा पहिला उद्योग असतो.

जुना खेळाडू :

चांगला विषय. मी आयआरसीच्या (इंटरनेट रिले चॅट, गप्पांच्या रूमची जुनी व्यवस्था) काळापासूनचा. ते १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी बनवलं. मी आलो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, पण वातावरण तेच होतं. आत शिरलं की पहिला प्रश्न "एएसएल?", म्हणजे वय, स्त्री की पुरुष, कुठला. मी उत्तर न देता सरळ रूमच्या विषयावर बोलायला लागायचो. ज्याला गप्पा हव्या असत तो त्या विषयात यायचा, बाकीचे आपोआप गळायचे. ही युक्ती आजही तितकीच चालते.

माझं ठाम मत झालंय की सुरक्षितता रूम निवडतानाच अर्धी ठरते. जिथे नेहमीची मंडळी असतात तिथे टोपणनावालाही पत असते, वर्षानुवर्षांची. ती घालवायला कुणी सहसा तयार नसतं. याउलट एका बटणावर कुणीही अनोळखी माणूस समोर येतो, तिथे कुणालाच गमावण्यासारखं काही नसतं. ओमेगल हे याचं मोठं उदाहरण. लीफ के-ब्रूक्स या १८ वर्षांच्या मुलानं २००९ मध्ये ते सुरू केलं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यानंच बंद केलं. ते चालवणं आर्थिक आणि मानसिक दोन्ही दृष्टींनी परवडेनासं झालंय, असं त्यानं निरोपाच्या पत्रात लिहिलं होतं. तिथे चांगली माणसं भेटलेलेही खूप होते, हे तितकंच खरं.

नव्या रूममध्ये मी काही दिवस वाचनमात्र असतो. कुणी घाण बोललं तर मॉडरेटर किती वेळात त्याला बाहेर काढतो, एवढंच बघतो. मॉडरेटर झोपलेला असेल तर ती रूम सोडतो.

कातरवेळ :

खेळाडूकाका, तुमची पहिली युक्ती बायकांना अर्धीच उपयोगी पडते. मुलीचं वाटेल असं टोपणनाव घेतलं की विषयावर बोलायची संधीच मिळत नाही, आत शिरताच व्यनिंच्या (व्यक्तिगत निरोपांच्या) खिडक्या उघडायला लागतात. मी एका निर्जीव वस्तूचं नाव घेतलं आणि व्यनि बंद करून ठेवले. जे बोलायचं ते सगळ्यांसमोर. एवढ्यानं त्रास पुष्कळ कमी झाला.

घाई करणारा माणूस मला आता लगेच कळतो. पहिल्या दिवशी "तुझ्यासारखं कुणी भेटलंच नाही", दुसऱ्या दिवशी "इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू". दुसरं ॲप म्हणजे बहुतेक वेळा फोन नंबर. माझं उत्तर ठरलेलं आहे : "मी इथेच बोलते." खुलासा करत नाही, माफीही मागत नाही. साध्या माणसाला यात काही खटकत नाही, तो पुढचं बोलायला लागतो. जो चिडतो, रुसतो, "विश्वास नाही का?" म्हणतो, त्याला मी तिथेच ब्लॉक करते. नकारावर माणूस कसा वागतो यापेक्षा चांगली परीक्षा मला आजवर सापडलेली नाही.

आणि हो, चांगलंही लिहायला हवं. कोड्यांच्या एका रूममधली माझी मैत्रीण बरीच वर्षं रोज भेटते. तिचा कुत्रा गेला तेव्हा आम्ही रात्रभर बोलत होतो. मला तिचं नाव माहीत नाही, तिला माझं नाही. दोघींनाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

शून्य :

तांत्रिक बाजू मी लिहितो, थोडक्यात.

अनोळखी माणसानं दिलेली लिंक उघडली की तुमचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) त्याच्या हाती पडू शकतो, केवळ त्यासाठीच बनवलेल्या लिंका असतात. काही ठिकाणी व्हिडिओ कॉल दोन यंत्रांमध्ये थेट जोडला जातो, तिथेही आयपी दिसतो. पण घाबरून जाऊ नका. आयपीवरून सर्वसाधारणपणे इंटरनेट कंपनी आणि ढोबळ परिसर कळतो, घर नाही. "तुझा आयपी माझ्याकडे आहे, आता घरी येतो" ही धमकी मी अनेकांना मिळालेली पाहिली आहे. ती बहुतेक वेळा पोकळ असते.

फोटो जास्त धोक्याचा. लोकेशन सुरू असताना काढलेल्या फोटोच्या आत त्या जागेचे अक्षांश-रेखांश लिहिलेले असू शकतात. बरीच मोठी ॲप ते काढून टाकतात, पण तोच फोटो फाइल म्हणून पाठवला तर सगळं तसंच जाऊ शकतं. शिवाय दुसऱ्या ठिकाणी प्रोफाइलला लावलेला फोटो चॅटमध्ये दिलात, तर उलट शोध (शोधयंत्रात फोटोच टाकून) घेऊन तुमच्या खऱ्या नावापर्यंत पोचता येतं. खिडकीबाहेरचं दृश्य, गणवेश, गळ्यातलं ओळखपत्र हेही बघून घ्या. आपोआप पुसले जाणारे मेसेज स्क्रीनशॉटपासून वाचवत नाहीत.

आरसा :

मी एका मोठ्या रूमचा मॉडरेटर आहे. एक प्रकार इतक्यांदा पाहिलाय की सविस्तर लिहितो.

कुणी तरी आकर्षक व्यक्ती गप्पा सुरू करते. लगेच व्हिडिओवर बोलावते. समोर दिसणारा चेहरा आधीच रेकॉर्ड केलेला असतो. आता तर बोलता बोलता चेहरा बदलून दाखवणंही शक्य झालंय, त्यामुळे "मी तिला व्हिडिओवर पाहिलंय" या वाक्याला अर्थ उरलेला नाही. मग कपडे काढायचा आग्रह होतो, तिकडे रेकॉर्डिंग चालू असतं, आणि काही मिनिटांत तुमच्या मित्रयादीचा स्क्रीनशॉट येतो : पैसे दे, नाहीतर सगळ्यांना पाठवतो.

एका रात्री आमच्या मुख्य रूममध्ये एका मुलानं फक्त "मी संपलो" एवढंच लिहिलं. त्याला आम्ही तिघेजण पहाटेपर्यंत बोलतं ठेवलं. जे त्याला सांगितलं तेच इथे सांगतो. पैसे देऊ नकोस. दिले की मागणी थांबत नाही, वाढते, कारण हा देतो हे त्यांना कळतं. चॅट पुसू नकोस, तो पुरावा आहे. स्क्रीनशॉट काढ, त्यांचा आयडी लिहून ठेव, मग ब्लॉक कर. समाजमाध्यमांवरची मित्रयादी झाकून टाक. पोलिसांत तक्रार कर. आणि आत्ता, या क्षणी, घरातल्या किंवा मित्रांतल्या एका माणसाला उठवून सांग. हे शेवटचं त्याला सगळ्यात अवघड गेलं. शेवटी त्यानं मोठ्या बहिणीला उठवलं. दुसऱ्या दिवशी तिनंच आमच्या रूममध्ये येऊन तो बरा असल्याचं कळवलं. हे लिहितानाही मला भरून येतं.

संमतीशिवाय खासगी चित्रं पसरवणं रोखायला प्रौढांसाठी 'स्टॉप एनसीआयआय' ही सेवा आहे, २०२१ पासून. तिथे फोटो किंवा व्हिडिओ द्यावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो, फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि जुळणारी चित्रं त्या रोखू शकतात. चित्र १८ वर्षांखालच्या वयातलं असेल तर 'टेक इट डाउन' ही तशीच सेवा आहे. दोन्ही विनामूल्य. हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

नुसताच वाचक :

मी इथे पहिल्यांदाच लिहितोय. मी बोलताना अडखळतो. लहानपणापासून लोक माझी वाक्यं माझ्याआधी पूर्ण करत आले. चॅटरूममध्ये मी पहिल्यांदा एक विनोद शेवटपर्यंत सांगितला आणि लोक हसले. ती जागा माझ्यासाठी किती मोठी आहे हे ज्यांना सहज बोलता येतं त्यांना कदाचित कळणार नाही.

पण तिथे माणूस फार लवकर मोकळा होतो. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये यावर लिहिलंय : चेहरा दिसत नसला की माणसं एरवी बोलणार नाहीत ते बोलून जातात, कधी त्यातून दिलासा मिळतो, कधी इजा होते. वडिलांच्या आजारपणात मी एका अनोळखी माणसाशी खूप बोललो. भीती, राग, झोप न येणं, सगळं सांगितलं. दवाखाना, डॉक्टर, गाव यातलं काहीच सांगितलं नाही, आणि त्यावाचून काही अडलं नाही. अशा रात्री समोरचा फार जवळचा वाटायला लागतो. म्हणून मन हलकं झाल्यावर लगेच कुणी नंबर किंवा फोटो मागितला तर मी "उद्या बघू" म्हणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बहुतेक वेळा नकोच वाटतं.

पिंपळपान :

वाचक, लिहीत राहा.

माझा मुलगा तेरा वर्षांचा. त्याच्या खेळातच चॅट असतं, त्यामुळे बंदी घालून उपयोग नव्हता. आम्ही एकच करार केला : तिथे काहीही झालं आणि तू येऊन सांगितलंस तर फोन काढून घेणार नाही. मुलं गप्प बसतात ती बहुतांशी याच भीतीनं. काही महिन्यांनी तो आला आणि म्हणाला, "आई, एक दादा म्हणतोय की हे आपल्यातच ठेव, घरी सांगू नको." आधी खेळातल्या भेटवस्तू, मग कौतुक, मग घरच्यांविरुद्ध कान भरणं, मग गुपित, अशी ती साखळी होती. आम्ही दोघांनी मिळून ते खातं रिपोर्ट केलं. फोन अजून त्याच्याकडेच आहे.

तिसरी घंटा :

प्रश्न विचारते. कुणी फसवलेलं नाही, धमकी नाही, पण एका माणसाशी बोलणं आता नकोसं झालंय. तो रोज वाट बघतो. निघायचं कसं?

कातरवेळ :

@तिसरी घंटा, एकदाच स्पष्ट लिही : "मला यापुढे बोलायचं नाही, काळजी घे." मग ब्लॉक. कारण देऊ नकोस, कारण दिलं की त्यावर वाद सुरू होतो. तू त्याचं काही देणं लागत नाहीस.

शाईपेन (धागाकर्ती) :

+१. आणि तो दुसऱ्या आयडीनं मागे आला तर मॉडरेटरला लगेच कळव, एकटीनं झेलू नकोस. नवं टोपणनाव घेतलंस तर काही दिवस त्याच रूममध्ये त्याच वेळेला जाऊ नकोस. लिहायची ढब, नेहमीचे शब्द, हसण्याची चिन्हं यांवरून माणूस पटकन ओळखू येतो. तो कधीपासून नकोसा वाटतोय आणि कशामुळे, हे लिहावंसं वाटलं तर इथे लिही, नाहीतर मला व्यनि कर.