प्रतिसाद: १४४१६ वर नेमकं काय मागायचं

वर एकांनी लिहिलंय की टेली-मानसवर (१४४१६ ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) 'नुसतं बोलतात, पुढे काही होत नाही'. या सेवेचे दोन स्तर आहेत, आणि पुष्कळ मुलं पहिल्यावरच फोन ठेवून देतात. १४४१६ लावला की आधी भाषा निवडावी लागते, मग समुपदेशक बोलतात. झोप, भूक, अभ्यास किती दिवसांपासून बिघडलंय तो दिवसांचा आकडा त्यांना सांगा. 'टेन्शन आहे' एवढ्यावरून त्यांना फार काही ठरवता येत नाही. जीव द्यायचे विचार येत असतील तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. गरज असेल तर समुपदेशकांकडून कॉल पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे जातो. तसं स्पष्ट विचारा. फोन ठेवण्यापूर्वी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते तेही विचारून घ्या. चुकीच्या वारी हेलपाटा झाला की मूल पुन्हा यायला तयार होत नाही, ही गळती मला सर्वांत जास्त खुपते.

१० ते १९ वयोगटासाठी महाराष्ट्रातल्या बऱ्याच सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक असतं, पण तिथे समुपदेशन मिळतं. औषधांसाठी सहसा मानसोपचारतज्ज्ञ लागतात. १८ वर्षांखालच्यांच्या उपचाराला पालकांची संमती लागते. म्हणून पहिल्याच खेपेला आई किंवा वडील सोबत असू द्या.