मदत हवी आहे: घोडेस्वारी शिकवतोय पण सर्टिफिकेट नाही, कुठनं सुरुवात करू? (बेळगाव-निपाणी भाग)

नमस्कार मंडळी. मी निपाणीजवळच्या खेड्यातला, सध्या बेळगावात. आमच्यात आज्जाच्या काळापासून घोडी, निपाणी-चिकोडीकडं घोडागाडीच्या शर्यतींचं येड कसं असतंय ते तुम्हाला सांगायला नको, त्यामुळं सायकल यायच्या आधी मला घोडं येत होतं. गेली चार वर्षं शहराबाहेरच्या एका फार्मवर शनवार-रविवार पोरांना रायडिंग शिकवतोय. कँपातली फौजी साहेबांची पोरं, टिळकवाडीतली डॉक्टर-वकिलांची पोरं. बेंगळुरूचा घोडेस्वार फवाद मिर्झा, त्यानं २०१८ च्या एशियाडला दोन रौप्यं आणल्यापासून तर काही पालक पहिल्याच दिवशी ऑलिम्पिकचं विचारतात, पोरगं अजून रिकिबीत पाय घालायला रडतंय.

आता मुद्द्याचं. मागच्या महिन्यात एक नऊ वर्षांची पोरगी पडली, चूक माझी. घोडी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना पोट फुगवून धरते, त्यामुळं दोन फेऱ्या चालवून परत एक-दोन भोकं आवळायचा हे आज्जानं शंभरदा सांगितलेलं. त्या दिवशी मधेच फोन आला आणि राहिलं. दुडकी लागली तसं खोगीर सावकाश एका अंगाला फिरलं आणि पोरगी त्याच्यासकट खाली. हेल्मेट होतं, कोपर खरचटलं, तेवढ्यावर निभावलं. बाप ओरडला असता तर बरं वाटलं असतं, त्यानं शांतपणे विचारलं, "सर, तुम्ही कोर्स कुठं केलाय?" काय सांगणार, मान खाली.

तेव्हापासून हुडकतोय. एकानं तीन दिवसांत 'इंटरनॅशनल कोच' करून देतो म्हटलं, पंचवीस हजार, होलोग्रामवालं सर्टिफिकेट, घोड्यावर बसायची पण गरज नाही म्हणे! ते सोडलं. पण खरं कुठलं धरायचं? मी मराठी मीडियमचा, कन्नड बोलतो, इंग्रजी वाचून कळतंय पण बोलताना अडतंय.

आणि दुसरी अडचण, ही जास्त छळते. मला येतंय पण सांगता येत नाही. "टाच खाली, टाच खाली" म्हणून घसा बसतो, पोरं टाच दाबतात आणि अख्खा पाय ताठ होऊन पुढं जातो, मग बूड मागं सरकतंय. मी कसा बसतो ते मलाच माहीत नाही हो.

प्रतिसाद १
भाऊ, मी फौजेत घोड्यांवर होतो, आता रिटायर. मेरठचं आरव्हीसी, म्हणजे फौजेच्या घोड्या-जनावरांचं खातं, त्याचं सेंटर फौजींसाठी, ते डोक्यातनं काढा. सिव्हिलियनला दोन वाटा. एक, इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडिया. एफईआयची, म्हणजे घोडेस्वारीच्या जागतिक संघटनेची, कोचसाठी लेव्हल १, २, ३ अशी उतरंड आहे, ती देशाच्या फेडरेशनमार्फत चालते, त्यामुळं त्यांच्या नोटिशीवर नजर ठेवा आणि आधी तिथं स्वतःची नोंदणी बघा. दुसरी वाट ब्रिटिश हॉर्स सोसायटीची. तिथं स्टेज १ ते ५, निगा वेगळी तपासतात, स्वारी वेगळी, स्टेज २ पासनं शिकवणं येतंय आणि स्टेज ३ चं सगळं पास झालात की कोच. परीक्षक समोर उभा राहून बघतो, होलोग्राम चालत नाही. पण खर्च आणि इंग्रजी दोन्ही लागतंय, म्हणून मी असतो तर फेडरेशनपासनं सुरू केलं असतं. तोवर रेडक्रॉसचा किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा फर्स्ट एड कोर्स करून टाका, पोरांना शिकवणाऱ्याकडं तो पाहिजेच.

प्रतिसाद २
दादा, मी बेंगळुरूला शिकले, मूळची खानापूरची. टाचेचं सांगू का? टाच खाली ढकलायची नसते, ती आपोआप खाली येते. मांडीचा वरचा भाग आवळला की गुडघा वर चढतो आणि घोटा ताठ होतो, मग तुम्ही कितीही ओरडा. आमच्या सरांनी रिकिबी काढून घेतल्या होत्या. घोडं लंजवर, म्हणजे लांब दोरीवर गोल, सर मधे उभे, आमच्या हातात लगाम पण नाही. पंधरा मिनिटं फक्त कदम चाल, पाय लोंबते सोडायचे, हात कधी कमरेवर कधी डोक्यावर. तिसऱ्या दिवशी रिकिबी परत दिल्या तेव्हा टाच जागेवर. लंजवर शिकवायला आलं तर कुठल्याही कोर्सला उपयोग होणार, ते आधी पक्कं करा.

मूळ लेखक
दोघांचे लई आभार. ताई, हे कुणी सांगितलंच नव्हतं, आमच्याकडं रिकिबी काढायच्या म्हणजे शिक्षा. एक विचारतो, आमच्या तबेल्यात बारा हाताचा कासरा आहे, त्यावर लंज चालतंय का?

प्रतिसाद १
बारा हात कमी पडतो, वर्तुळ लहान झालं की घोड्याच्या पायावर ताण येतो. अठरा हात तरी घ्या, रुंद पट्टीचा. हातमोजे घाला. आणि कासरा हाताला गुंडाळू नका, घड्या घालून धरा. घोडं बिथरलं तर गुंडाळलेला सुटत नाही, बोटं घेऊन जातो.