गृहकर्जाचा हप्ता एकाच पगारात बसायला हवा का?
(चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा
नवरा-बायको दोघं कमावते असले तरी घराचा हप्ता एकाच पगारातून भागला पाहिजे, असं माझं ठाम मत झालं आहे. आम्ही दोन्ही पगार दाखवून बँक देईल तेवढं कर्ज उचललं. तिसऱ्या वर्षी आईला पक्षाघात झाला. दिवसभर तिच्याजवळ कुणीतरी हवं, म्हणून पत्नीने नोकरी सोडली. उत्पन्न जवळजवळ निम्म्यावर आलं, औषधं आणि फिजिओथेरपीचा खर्च नव्याने सुरू झाला, हप्ता मात्र तेवढाच. आधी मुलीची शिकवणी बंद केली, मग ठेव मोडली, मग विम्याचा हप्ता चुकला.

एका पगारावर चालणाऱ्या घरात संकट आलं तर दुसरं माणूस कामाला लागू शकायचं. आता दोघंही आधीच कामाला जुंपलेले असतात, राखीव कुणी उरत नाही. आणि दुसऱ्या पगाराने घर स्वस्त पडलं म्हणावं तर तेही नाही. त्याच मोजक्या घरांसाठी सगळेच दोन पगार घेऊन उभे राहतात, त्यामुळे भाव दोन पगारांना जेमतेम पेलेल तिथपर्यंत चढतो. बायकोची दहा वर्षांची मेहनत जमिनीच्या भावात जिरते.

चौकट
आईंचं वाचून वाईट वाटलं, पण मत पटलं नाही. एका पगारात बसणारं घर शोधत आम्ही सहा वर्षं भाड्याने काढली. त्यात चार घरं बदलली. एकदा मालकाच्या मुलाला जागा हवी होती, एकदा घर विकायला निघालं. मुलाची शाळा दोनदा सुटली. दुसऱ्या वेळी तो महिनाभर कुणाशी धड बोलला नाही, ते मी अजून विसरलेले नाही. शेवटी दोन पगारांवरच घर घेतलं. भाडं दरवर्षी वाढतं. हप्ता आज जड वाटला तरी दहा वर्षांनी पगार वाढलेला असतो आणि हप्ता तिथेच असतो. शिवाय निवृत्तीनंतर भाडं कशातून भरायचं, तेही सांगा.

सरळव्याज
चौकट, हप्ता तिथेच राहतो हे फक्त स्थिर दराच्या कर्जात खरं. 1,00,000 कर्ज धरा, 9 टक्के व्याज, 20 वर्षं मुदत. महिन्याचा हप्ता साधारण 900. दर 11 टक्क्यांवर गेला की नव्या कर्जदाराला तोच हप्ता 1,032 पडतो. चालू कर्जात एकतर हप्ता वाढतो नाहीतर मुदत लांबते, आणि मुदत लांबली तर पुष्कळांना कळतही नाही.

पहिल्या महिन्याच्या 900 मधले 750 व्याजात जातात, मुद्दल फिटतं 150. निम्मं मुद्दल फिटायला 14 वर्षं लागतात. झेपत नाही म्हणून मुदत 30 वर्षं करून घेतली तर हप्ता 805 होतो. म्हणजे जेमतेम दहावा भाग हलका, पण एकूण व्याज 1,16,000 वरून 1,90,000 च्या आसपास जातं. पहिली सात-आठ वर्षं आपण बँकेला भाडंच देत असतो, हे मालकीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. मी उंबरठा यांच्या बाजूने आहे.

निळी शाई
‘एकाच पगारात’ म्हणजे कुणाच्या, हे कुणीच विचारलं नाही. तो पगार नवऱ्याचा, असं गृहीत धरलेलं दिसतं. अमेरिकेत 1974 मध्ये समान पतसंधीचा कायदा होईपर्यंत कर्ज देणारे पत्नीचा पगार पूर्ण धरायचे नाहीत. ती मूल झालं की नोकरी सोडेल, असं समजून तो अर्धाच मोजायचे किंवा सोडूनच द्यायचे. बायकांनी भांडून तो पगार हिशेबात आणला. तुम्ही काळजीपोटी तोच पुन्हा ‘वरचा’, म्हणजे जादाचा, पगार ठरवत आहात. माझ्या पगाराशिवाय माझं नाव घराच्या कागदावर आलं नसतं. आणि आजारी माणसाची सेवा करायला नोकरी कुणी सोडायची, हेही त्या ‘वरच्या’ पगारावरूनच ठरतं.

उंबरठा
निळी शाई, हे मला लागलं, कारण आमच्याकडे नेमकं तसंच झालं. कोण सोडणार यावर चर्चासुद्धा झाली नव्हती. मग मी असं म्हणतो: दोघांपैकी ज्याचा पगार कमी, त्याच्यात हप्ता बसावा. म्हणजे कुणीही थांबलं तरी घर उभं राहील.

चौकट
कमी पगारात बसणारं घर बाजारात आहे का? असेल तर कामापासून इतकं लांब, की रोजचे तीन तास प्रवासात. त्या तासांचं मोल कोणत्या हिशेबात धरायचं?

वाटसरू
तुम्ही सगळे एकेका कुटुंबाच्या शिस्तीबद्दल बोलत आहात. शिस्तीने घरं वाढत नाहीत. व्हिएन्नात 1920 च्या दशकापासून महापालिका स्वतः घरं बांधत आली. आज तिथले साधारण निम्मे रहिवासी महापालिकेच्या किंवा अनुदानित घरात राहतात आणि भाड्याने राहण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. सिंगापूरने 1960 मध्ये गृहनिर्माण मंडळ काढलं, तिथे पाचातले जवळपास चार लोक त्या मंडळाच्या घरांत राहतात. नुसती भाड्यावर मर्यादा घालून भागत नाही. बर्लिनने 2020 मध्ये ती घातली, तर भाड्याने निघणारी घरंच कमी झाली, आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने तो कायदा रद्द केला. घरं बांधावी लागतात, जमीन सार्वजनिक हातात ठेवावी लागते.

सरळव्याज
सिंगापूरचं घर 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतं, हेही सांगा. मुदत सरत आली की किंमत उतरते. तरी तुमचा मुद्दा मान्य. फक्त ज्याला या महिन्यात निर्णय घ्यायचा आहे तो महापालिकेची वाट बघू शकत नाही. त्याने कर्ज घेण्याआधी सहा महिने एक पगार पूर्ण बाजूला टाकून जगून बघावं. जमलं तर सुरुवातीला भरायची रक्कमही वाढते.

उंबरठा, तुमचं कितवं वर्ष?

उंबरठा
सातवं संपतंय.

सरळव्याज
मग माझ्या उदाहरणातल्या 1,00,000 पैकी साडेब्याऐंशी हजार मुद्दल अजून बाकी आहे, असं धरा. विकण्याचा विचार असेल तर हा आकडा आधी बघा.

निळी शाई
आणि पत्नीला विचारा. यावेळी आधी.

उंबरठा
काल रात्री विचारलं. तिला घर विकायचं नाही. दुपारी मी घरून काम करत आईजवळ बसणार, ती अर्धवेळ नोकरी धरणार आहे. त्या पगारात हप्ता बसत नाही, औषधं बसतात.